दुसरीकडे अर्ज केला म्हणजे शब्द मोडला का?

निकाल लागला की तुमसरपासून लाखांदूरपर्यंत भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हीच घालमेल सुरू होते. जवळच्या महाविद्यालयात प्रवेश झालेला असतो, पण नागपूरच्या यादीची आशा सुटत नाही.

गैरसमज १ : प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे प्रयत्न करणे बेइमानी आहे.
वस्तुस्थिती : अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत मिळालेली जागा राखून पुढच्या फेरीत चांगल्या जागेसाठी उतरण्याची सोय नियमांतच आहे. नियमाने दिलेली संधी घेण्यात कसलाच अपराध नाही.

गैरसमज २ : प्रवेशासाठी घरी आलेल्या महाविद्यालयाच्या सरांना टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) दिली, आता बांधले गेलो.
वस्तुस्थिती : 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात, भंडाऱ्यातही. कोणती जागा मिळते, हे कागद कोणाकडे आहेत यावर ठरत नाही. पदवीच्या महाविद्यालयांनी तर मूळ कागदपत्रे तपासून लगेच परत द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच बजावले आहे.

गैरसमज ३ : प्रवेश सोडला की फी बुडालीच.
वस्तुस्थिती : पदवी महाविद्यालयांसाठीच्या आयोगाच्या त्याच 2018 च्या नियमांनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश सोडल्यास पूर्ण फी परत मिळते. फक्त प्रक्रिया खर्च म्हणून 5 टक्क्यांपर्यंत, तोही कमाल 5,000 रुपये, कापता येतो. उशीर होईल तसा परतावा घटतो आणि अंतिम तारखेनंतर 30 दिवस उलटले की काहीच मिळत नाही.

गैरसमज ४ : पहिली पसंती नुसती भरायला काय हरकत?
वस्तुस्थिती : अकरावीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. खरा शब्द दिला जातो तो इथे. म्हणून पहिली पसंती घरात बसून, विचार करून भरा.

गैरसमज ५ : दोन जागा धरून ठेवल्या तर कोणाचे काय बिघडते?
वस्तुस्थिती : बिघडते ते प्रतीक्षा यादीतल्या मुलाचे. तुम्ही न सोडलेली जागा त्याला वेळेत मिळत नाही आणि शेवटी रिकामी राहते. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत जागा अडवण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये कडक निर्देश दिले, ते याच अन्यायामुळे.

अर्ज करणे हा तुमचा हक्क आहे, पण नको असलेली जागा अडवून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. निर्णय झाला की त्याच दिवशी आधीच्या महाविद्यालयात प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.