टिळकांची इच्छा आणि आमच्या मामांची

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव शाळेच्या पुस्तकातल्या कवितांमुळे तुम्हाला ठाऊक असेलच. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल, तर लक्ष्मीबाईंचा तऱ्हेवाईक नवरा म्हणून जास्तच! पण त्यांची एक गोष्ट नगरबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत गेले, तेव्हा त्यांना माती दिली नाही. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. चर्चची दीक्षा घेतलेला पाळक आणि चितेवर! नंतर अस्थी नगरला आणल्या आणि ख्रिस्ती दफनभूमीत ठेवल्या.

ही गोष्ट आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे आमचे मामा. राहुरीचे, रिटायर्ड मास्तर, वय ७४, तब्येत ठणठणीत. गेल्या नाताळात, ऐन जेवणाच्या वेळी, ताटातला करंजीचा तुकडा मोडत ते म्हणाले, “मला पुरू नका. दहन करा. टिळकांचं केलं तसं.” मामींचा हात वाटीतच थांबला. हिंजवडीला जॉब करणारा माझा मामेभाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, तोही वर बघायला लागला.

आता आमच्याकडे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री २०२४पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच) ख्रिस्ती घरांमध्ये, अंत्यविधीला जाणं म्हणजे ‘मातीला जाणं’. शब्दातच माती आहे. त्यामुळे दहन म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “मग पुनरुत्थानाचं काय?” शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, तेव्हा शरीर नको का?

या शंकेला उत्तर फार जुनं आहे. इसवी सन १७७मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लिआँ शहरात रोमन अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली. मुद्दाम, की बघू आता कसे उठतात! चर्चने त्या हुतात्म्यांना पुनरुत्थानातून वगळलं नाही. देवाला मातीतून उठवता येत असेल, तर राखेतून का नाही? बायबलमध्ये दहनाला बंदी कुठेच नाही. अब्राहामाने सारेसाठी गुहा विकत घेतली, येशूला कबरेत ठेवलं, म्हणून दफनाची रीत पडली. रीत आहे, आज्ञा नाही.

तरी कॅथलिक चर्चने १८८६मध्ये दहनाला मनाई केली. त्या काळात युरोपातले काही चर्चविरोधक दहनाचा पुरस्कार करत होते, त्याचा तो राग. १९६३मध्ये ती मनाई उठली. आजचा नियम असा, की दफन अधिक बरं, पण दहनाला हरकत नाही. फक्त ते श्रद्धा नाकारण्यासाठी नसावं. २०१६मध्ये व्हॅटिकनने आणखी स्पष्ट केलं, की रक्षा उधळायची नाही, घरात शोकेसमध्येही ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. ऑर्थोडॉक्स चर्चेस मात्र आजही ‘नाही म्हणजे नाही’वर ठाम आहेत.

थोडक्यात, मामांना अडवायला धर्मशास्त्र पुरेसं नाही. मामी माहेरच्या श्रीरामपूरकडच्या कॅथलिक, त्यांनी फादरना विचारून बघितलं. फादरनी हेच सांगितलं. मामी फादरवरच नाराज!

खरी गंमत पुढे आहे. टिळकांना दहन हवं होतं ते भारतीय म्हणून. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. उपासनेत भजन आणलं, कीर्तन आणलं, आणि शेवटी चिताही. मला टिळकांबद्दल अपार आदर आहे. पण भारतीय म्हणजे दहनच, हे समीकरण मला पटत नाही. टिळक कोकणस्थ ब्राह्मण घरात जन्मले. त्यांच्या घरची रीत दहनाची. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार-मांग समाजातले, आणि त्यांच्यात दफनाची चाल मिशनरी यायच्या आधीपासून होती. लिंगायत पुरतात, गोसावी पुरतात. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आमच्याच जिल्ह्यात, आणि ज्ञानेश्वरांची आळंदीला समाधी! टिळकांच्या आधी सातच महिने, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी शिर्डीला साईबाबा गेले. त्यांना कुठे ठेवायचं यावरून गावात वाद झाला, पण शेवटी त्यांनाही मातीच मिळाली, बुट्टींच्या वाड्यात. मग माती परदेशी कशी?

हे मी मामांना ऐकवलं. ते म्हणाले, “अरे, मला कुठे भारतीयत्व सिद्ध करायचंय? मला जागा अडवायची नाही.”

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. शहरात तर जागेचा प्रश्न फारच अवघड. मुंबईत कित्येक चर्चमध्ये कबर मिळते ती ठरावीक वर्षांपुरती. नंतर अस्थी काढून भिंतीतल्या छोट्या खणात ठेवतात. वन बीएचकेतून थेट खणात! आणि कोविडने तर सगळ्यांचीच परीक्षा घेतली. जुलै २०२०मध्ये केरळातल्या आलप्पुळा धर्मप्रांताने कोविडने गेलेल्यांचं दहन करून रक्षा चर्चच्या दफनभूमीत पुरायचं ठरवलं. टिळकांचं १९१९मध्ये झालं होतं, जवळजवळ तसंच.

पण कबर ही नुसती जागा नसते, हे मामींकडून कळलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यांना चर्चच्या दफनभूमीत मिळालेली सहा फूट जागा आणि त्यावरची नावाची पाटी म्हणजे काय, हे फ्लॅटचा ईएमआय भरणाऱ्या आपल्याला चटकन कळणार नाही. मामींच्या आजोबांच्या कबरीवर त्यांचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. गावात त्यांना कुणी कधी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मामी तिथे मेणबत्ती लावतात, गवत उपटतात आणि त्यांच्याशी चक्क गप्पा मारतात.

“नदीत सोडलं, तर मी कुणाशी बोलू?” हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मामांकडेही नव्हतं.

मामेभावाने मग प्रॅक्टिकल तोडगा काढला. दहन करायचं, रक्षा मामांच्या आईच्या कबरीतच ठेवायची. नवी जागा नको, म्हणजे मामा खूश. मंडळीच्या पाळकांनीही होकार दिला. मामांनी तसं कागदावर लिहून सही केली, साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

मामींनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, “पेटी लहान चालेल. पाटी मोठी पाहिजे.”

पाटीवर ‘सर’ लिहायचं की ‘गुरुजी’, यावर सध्या दोघांचं भांडण चालू आहे.