आगबोटीला आग

‘आगबोट’ हा आपल्या भाषेतला मोठा प्रामाणिक शब्द आहे. पोटात आग घेऊन पाण्यावर चालते ती आगबोट. आता कोळशाच्या भट्ट्या गेल्या आणि आपणही ‘क्रूझ’ म्हणू लागलो. पण तेल, वीज, चार-सहा स्वयंपाकघरे आणि हजारो माणसे एका तरंगत्या पेटीत कोंबलेली, हे काही बदलले नाही. हे सांगण्याचा माझा अधिकार एवढाच, की विम्याच्या कचेरीत माझी तीस वर्षे गेली. दुसऱ्यांच्या आगींचे कागद वाचण्यावर माझा संसार चालला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता बोटीने मुंबईहून गोव्याला निघालो. आमच्या लहानपणी बोट म्हटले की आईच्या तोंडी १९४७ सालच्या ‘रामदास’चे नाव यायचे, रेवसला निघालेली ती बोट सहाशेंवर माणसे घेऊन बुडाली होती. त्यामुळे आमच्या घरात समुद्र पाहायचा तो चौपाटीवरून. साठी उलटल्यावर सौ.ने हट्टच धरला, म्हणून निघालो.

बोट सुटायच्या आधी भोंगा झाला. सात आखूड आणि एक लांब. सर्वांनी ठरलेल्या जागी जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते पाहायचे. आमच्या शेजारच्या केबिनमधले दादरचे एक गृहस्थ चहाचा पेला हातात घेऊनच आले. म्हणाले, “पैसे आम्ही मोजायचे आणि कवायतही आम्हीच करायची!” सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो.

रात्री जेवायला आम्ही आठ माणसे एका टेबलाला. दादरकरांनी कवायतीचा विषय पुन्हा काढला, आणि मला काही राहवेना.

मी त्यांना ‘यार्माउथ कॅसल’ची हकीगत सांगितली. १९२७ साली बांधलेली बोट. सांगाडा पोलादी, पण वरचे मजले लाकडी, वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर चढलेले. मालकी कोणाची का असेना, निशाण पनामाचे. १२ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी ती अमेरिकेतल्या मायामीहून बहामा बेटांतल्या नासाऊला निघाली. ३७६ प्रवासी, १७६ खलाशी व नोकर. आपण मुंबई-गोवा करतो तशीच दोन दिवसांची मौज. प्रवाशांत फ्लोरिडातल्या वयस्क मंडळींचा एक मोठा गटही होता.

मध्यरात्रीनंतर ६१० नंबरच्या खोलीत आग लागली. ही खोली राहण्याची नव्हती. जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, लाकडाच्या फळ्या असले अडगळीचे सामान तिथे रचलेले. पाण्याचे आपोआप सुटणारे फवारे बोटीवर होते, पण या खोलीत नव्हते. जिन्यांच्या पोकळीतून ज्वाळा वर चढल्या. बिनतारी यंत्राची खोली पेटली, त्यामुळे मदतीची हाकही गेली नाही. माणसे जागी झाली ती घंटेने नव्हे, बाहेरच्या किंकाळ्यांनी. केबिनच्या खिडक्या गंजून घट्ट बसलेल्या. जीवरक्षक होड्यांचे दोर रंगाच्या थरांनी असे जाम झालेले, की तेरापैकी जेमतेम निम्म्या होड्या पाण्यात उतरल्या.

“आणि कप्तान?” पुण्याच्या एका बाईंनी विचारले. त्यांचा घास हातातच राहिला होता.

कप्तान एका पहिल्या होडीतून निघून ‘फिनपल्प’ या फिनलंडच्या मालवाहू बोटीपाशी पोचला होता. मदतीचा संदेश पाठवायला आलो, असे त्याचे म्हणणे. होडीत प्रवासी मोजकेच, बाकी बोटीवरची माणसे. फिनपल्पचा कप्तान भडकला आणि त्याने ती होडी जळत्या बोटीकडे परत धाडली. स्वतःची बोट मात्र त्याने आगीच्या जवळ नेली. मागून येणाऱ्या ‘बहामा स्टार’नेही तसेच केले. या दोन बोटी नसत्या तर मृतांचा आकडा काय झाला असता, कल्पनाच करवत नाही. पहाटे सहाच्या सुमारास यार्माउथ कॅसल बुडाली. एकूण ९० माणसे गेली.

टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग पुण्याच्या बाई म्हणाल्या, “मेल्याला फाशी द्यायला हवे होते!” एका तरुण जोडप्यातला नवरा मोबाइलवर बोटीचे चित्र शोधू लागला आणि बायकोने तो उपडा घातला. कोणीतरी म्हणाले, “अहो, जेवताना काय हे!” ते अगदी खरे होते, पण एकदा सांगायला बसलेला विम्याचा माणूस थांबत नाही. मी ‘लेकोनिया’ही सांगून टाकली. १९६३ च्या नाताळात इंग्लंडहून कॅनरी बेटांकडे निघालेली ती बोट केशकर्तनालयातल्या आगीने पेटली. धोक्याची घंटा इतकी हळू वाजली की बहुतेकांना ती ऐकूच आली नाही. १२८ बळी, त्यांत जळून गेलेल्यांपेक्षा बुडून आणि गारठून गेलेले अधिक.

दादरकर शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, “साहेब, ही सगळी जुनी लाकडी प्रकरणे. आता नियम झाले.”

त्यांचेही खरे होते. यार्माउथ कॅसलनंतर, १९६६ साली, आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि प्रवासी बोटींतला लाकडी बांधकामाचा जमाना संपला. कवायतीचेही तेच. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ माणसे गेली. तोवर नव्या प्रवाशांची कवायत चोवीस तासांत केव्हाही उरकली तरी चालत असे. २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे असे ठरले. समुद्रावरच्या कायद्याचे प्रत्येक कलम असे कोणाच्या तरी मरणाने लिहिलेले असते.

“पण ‘स्टार प्रिन्सेस’ लाकडी नव्हती,” मी म्हणालो. २३ मार्च २००६ ची पहाट. नवी कोरी म्हणावी अशी बोट, सुमारे २,७०० प्रवासी, जमैकाच्या वाटेवर. आग लागली ती एका केबिनच्या सज्जात. केबिनमध्ये फवारे होते, धुराची सूचना देणारी यंत्रे होती. सज्जात काहीच नव्हते, कारण नियमांच्या लेखी सज्जा म्हणजे उघडी जागा. दोन सज्जांमधले पडदे प्लास्टिकचे. वारा मिळाल्यावर आग सज्जावरून सज्जावर, मजल्यावरून मजल्यावर चढली. शंभरावर केबिनींची नासधूस झाली आणि धुराने एक प्रवासी दगावला. बाकीचे रात्रीच्या कपड्यांनिशी, जाकिटे घालून, जमण्याच्या जागी कित्येक तास बसून होते. कुठे जायचे ते त्यांना ठाऊक होते, हे त्यांचे नशीब. पुढे सज्जांसाठीही नियम झाले.

“सज्जात आग लागली कशाने?” तरुणाने विचारले.

“न विझवता टाकलेल्या सिगारेटने, असा चौकशीचा निष्कर्ष.”

सात जोड्या डोळे दादरकरांच्या खिशाकडे वळले. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि आइस्क्रीम मागवले.

केबिनमध्ये आल्यावर सौ. बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत बसली. मग म्हणाली, “आग लागली की लिफ्ट बंद ठेवतात ना? मग आपल्या दारापासून जिना किती लांब आहे?”

मी गप्प. साठ वर्षांपूर्वीच्या बोटीचा खोली नंबर मला पाठ होता. स्वतःच्या बोटीचा जिना उजवीकडे की डावीकडे, तेवढे मात्र पाहिले नव्हते. बिचारी रोज एका जिन्यालाही घाबरते, आणि मी टेबलावर वाहवा मिळवीत होतो.

ती झोपल्यावर मी उठलो. बाहेरच्या बोळात कोणी नव्हते. धुरात दिसत नाही, म्हणून डोळे मिटले, डावा हात भिंतीला लावला आणि कमरेत वाकून एकेक दार चाचपत निघालो. अकराव्या की बाराव्या दाराशी कोणावर तरी आदळलो. डोळे उघडले तर दादरकर. त्यांचाही हात भिंतीला, चष्मा कपाळावर.

“सिगारेट ओढायची ठरलेली जागा शोधत होतो,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “तुमची जिन्यापर्यंत किती दारे झाली?”

“अजून पोचलो नाही. तुमची?”

“जाताना चौदा झाली, येताना तेरा.”

आम्ही दोघे माझ्या दारापाशी परतलो आणि पहिल्यापासून मोजायला लागलो.