जुन्या मोबाइलची बॅटरी प्रोजेक्टमध्ये वापरताय? आधी व्होल्टेज मोजा

जुन्या फोनची लिथियम-आयन बॅटरी छोट्या एलईडी दिव्याला सहज चालते. पण ती फुगली असेल, तर विषय तिथेच संपला. ती टोचू नका, चार्जिंगला लावू नका, थेट ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

बॅटरी दिसायला ठीक असली, तरी मल्टिमीटर लावाच. व्होल्टेज २.५च्या खाली जाऊन ती बरेच दिवस पडून असेल, तर आतलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. अशी बॅटरी ‘जिवंत’ करण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

चार्जिंगसाठी टीपी४०५६ मॉड्यूल स्वस्तात मिळतं. ते ४.२ व्होल्टवर थांबतं. मात्र ते बहुधा १ अँपिअरवर सेट असतं. ५०० एमएएचच्या बॅटरीला हा करंट जास्त होतो, त्यामुळे मॉड्यूलवरचा रेझिस्टर बदलून तो कमी करावा लागतो.