‘प्रकटीकरण’ या ग्रंथाचा रचनाकाल : नीरो की डोमिशियन?

प्रस्तावना

मराठी बायबलच्या नव्या करारात सत्तावीस पुस्तके असून त्यांतील अखेरचे पुस्तक ‘प्रकटीकरण’ या नावाने ओळखले जाते. स्वतःला संदेशवाणी, म्हणजेच भविष्यकथन, म्हणवणारे नव्या करारातील हे एकमेव पुस्तक होय. ग्रंथकर्ता आपले नाव योहान असे सांगतो. पात्म नावाच्या बेटावर आपल्याला दर्शन घडले, हेही तो सांगतो. इफिसपासून लावदिकीयापर्यंतच्या ज्या सात मंडळ्यांना उद्देशून तो लिहितो, त्या आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील नगरांतल्या होत. एवढे तपशील देणारा हा लेखक वर्ष मात्र कोठेही नोंदवीत नाही.

अभ्यासकांपुढे मुख्यतः दोन पर्याय आहेत. नीरोच्या कारकिर्दीची अखेर व त्यानंतरची बंडाळी, म्हणजे इ. स. ६८-६९ च्या आसपासचा काळ, हा पहिला पर्याय. आणि डोमिशियनच्या राजवटीची अखेर, म्हणजे इ. स. ९५-९६, हा दुसरा. दोहोंतील अंतर पाव शतकाहून थोडेच अधिक आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाबाबत एवढ्याशा अंतराचा वाद क्षुल्लक वाटावा. परंतु या पाव शतकाच्या आरंभीच इ. स. ७० हे वर्ष येते. त्या वर्षी रोमन सैन्याने यरुशलेम घेतले आणि तेथील मंदिर जाळले. ग्रंथ त्याआधीचा असेल, तर त्यातील विनाशाची चित्रे यरुशलेमच्या येऊ घातलेल्या पतनाला उद्देशून आहेत असे म्हणता येते. तो त्यानंतरचा असेल, तर त्या जखमेची स्मृती बाळगून रोमच्या सत्तेला दिलेले ते आव्हान ठरते. म्हणजे काळ बदलला की ग्रंथाचा रोख कोणावर आहे, हेच बदलते.

काळ ठरवायचा कसा?

वर्ष न नोंदवलेल्या अवशेषांचा प्रश्न हिंगणा परिसराला नवा नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मोपदेशाबरोबरच भूशास्त्र व पुरातत्त्व हे त्यांच्या आस्थेचे विषय होते. हिंगणा तालुक्यातील टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्या शिलावर्तुळांवर एकही अक्षर कोरलेले नाही. पुढे शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये तेथे उत्खनन केले, तेव्हा लोखंडी वस्तू आणि काळी-तांबडी मृद्भांडी यांच्या आधारे ती इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातील असल्याचे ठरवता आले.

ग्रंथाच्या बाबतीत खापरांची जागा शब्द घेतात. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा उल्लेख आढळतो, त्यामुळे तेथे अभ्यासकाचे काम पुष्कळ हलके होते. तसा उल्लेख नसेल तर इतरांनी त्या ग्रंथाविषयी काय सांगितले हा बाह्य पुरावा आणि ग्रंथ नकळत काय सांगून जातो हा अंतर्गत पुरावा, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

भविष्यकथनपर ग्रंथांसाठी आणखी एक कसोटी आहे. भाकित जेथवर अचूक उतरते आणि जेथून चुकू लागते, त्या सांध्यावर लेखक उभा असतो, असे मानले जाते. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने जुन्या करारातील दानिएलाच्या पुस्तकाला ही कसोटी लावली. त्या पुस्तकात चौथ्या अँटिओकसच्या जुलमापर्यंतचा इतिहास बारकाव्यांनिशी येतो, त्याच्या मृत्यूचे वर्णन मात्र प्रत्यक्षाशी जुळत नाही. त्यामुळे आज बहुसंख्य अभ्यासक ते पुस्तक इसवीसनपूर्व १६७ ते १६४ या काळातील मानतात. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण भविष्यपुराणात सापडेल. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या प्रतीतील प्रतिसर्गपर्वात इंग्रजी राज्याचेही ‘भविष्य’ येते. तो भाग केव्हा रचला गेला असावा, हे सांगण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

‘प्रकटीकरणा’ला ही कसोटी तितक्या सहजतेने लागू पडत नाही. त्यातील श्वापदे, शिंगे, मोहरा आणि कर्णे इतकी प्रतीकात्मक आहेत की अचूकता कोठे संपते हेच निश्चित करता येत नाही. म्हणून इतर पुराव्यांकडे वळावे लागते.

आयरेनियसची साक्ष

डोमिशियनच्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे आयरेनियसचे विधान. हा मूळचा आशिया प्रांतातला. स्मुर्णा येथील पॉलिकार्प याला त्याने बालपणी पाहिले होते. इ. स. १८० च्या सुमारास लिहिलेल्या पाखंडखंडनपर ग्रंथात श्वापदाच्या अंकाची चर्चा करताना त्याने पुढील आशयाचे विधान केले आहे. ते नाव उघड करणे आवश्यक असते, तर ज्याने प्रकटीकरण पाहिले त्यानेच ते सांगितले असते. कारण ते फार पूर्वी नव्हे, तर जवळजवळ आपल्याच पिढीत, डोमिशियनच्या राजवटीच्या अखेरीस दृष्टीस पडले.

येथे व्याकरणाचा एक पेच आहे. मूळ ग्रीक क्रियापदाला कर्ता जोडलेला नाही आणि त्या क्रियापदावरून लिंगही कळत नाही. त्यामुळे ‘ते (प्रकटीकरण) दिसले’ असा अर्थ होतो, तसाच ‘तो (योहान) दिसला’ असाही होऊ शकतो. हा दुसरा अर्थ अठराव्या शतकात पुढे आला. तो स्वीकारल्यास योहान डोमिशियनच्या काळापर्यंत हयात होता एवढेच सिद्ध होते, ग्रंथाचा काळ मोकळाच राहतो. मराठीत हे वाक्य आणताना भाषांतरकाराला संदिग्ध राहण्याची सोयच नाही. ‘दिसले’ की ‘दिसला’ हे निवडावेच लागते आणि त्या एका मात्रेत सगळा वाद येऊन बसतो. संदर्भ पाहता ‘दिसले’ हाच अर्थ सरळ वाटतो, कारण लगतच्या शब्दांत प्रकटीकरण पाहण्याचीच गोष्ट चालली आहे. ‘दिसला’ हा अर्थ अशक्य नसला तरी ओढूनताणून आणलेला आहे.

याचा अर्थ आयरेनियस निर्दोष साक्षीदार आहे असा नव्हे. येशू जवळजवळ पन्नास वर्षांचा होईपर्यंत उपदेश करीत होता, असे त्याच ग्रंथात तो आशियातील वडीलधाऱ्यांच्या हवाल्याने सांगतो. ते कोणीही मान्य करीत नाही. शिवाय इतर प्राचीन साक्षी एकमुखी नाहीत. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट ‘जुलमी राजाच्या मृत्यूनंतर’ योहान पात्महून परतला असे सांगतो, पण त्या राजाचे नाव देत नाही. व्हिक्टोरिनस आणि युसेबियस डोमिशियनचे नाव घेतात. एपिफेनियस मात्र क्लॉडियसकडे बोट दाखवतो आणि ग्रंथाच्या सिरियाई भाषांतराच्या शीर्षकात नीरोचा उल्लेख येतो.

ग्रंथातील खुणा

आरंभीच्या काळाचे समर्थक अकराव्या अध्यायापासून सुरुवात करतात. तेथे योहानाला मंदिर मोजण्याची आज्ञा होते. मंदिर जळून गेले असते तर ते मोजण्यास कोण सांगेल, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न वाजवी आहे, पण निर्णायक नाही. यहेज्केल संदेष्ट्यालाही मंदिराची मापे दाखवली गेली, ती पहिले मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर.

तेराव्या अध्यायातील ६६६ हा अंक अधिक रोचक आहे. आपल्याकडील कटपयादि पद्धतीप्रमाणे हिब्रू भाषेतही अक्षरांना संख्यामूल्ये आहेत. ‘नेरोन केसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिल्यास पहिल्या शब्दाची बेरीज ३०६ आणि दुसऱ्याची ३६० येते, एकूण ६६६. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिल्यास शेवटचा ‘न’ गळतो, त्याचे ५० वजा होतात आणि ६१६ उरतात. काही हस्तलिखितांत ६१६ हाच अंक आढळतो. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसच्या तुकड्यातही तोच आहे. तेव्हा श्वापदाच्या चित्रामागे नीरो आहे, हे बव्हंशी मान्य व्हावे. परंतु नीरो चित्रात असणे म्हणजे तो गादीवर असणे नव्हे. जून ६८ मध्ये त्याने आत्महत्या केली, तरी तो जिवंत आहे, परत येणार आहे, अशा वावड्या पूर्वेकडे दीर्घकाळ उठत राहिल्या. इ. स. ६९ मध्ये, पुढे ८० च्या सुमारास आणि पुन्हा ८८ च्या सुमारास तोतये उभे राहिले. पानिपतानंतरच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. प्राणघातक जखम बरी झालेल्या श्वापदाचे चित्र या वावडीशी तंतोतंत जुळते, आणि अशी वावडी रुजायला काही काळ जावा लागतो.

सतराव्या अध्यायात सात राजे येतात : पाच पडले, एक आहे, एक अद्याप यायचा असून तो थोडाच काळ टिकेल. ऑगस्टसपासून मोजल्यास पाचवा नीरो, सहावा गॅल्बा आणि सातवा जेमतेम तीन महिने टिकलेला ऑथो. म्हणजे काळ इ. स. ६८-६९. हे गणित आकर्षक आहे. उलट बाजूचे अभ्यासक गॅल्बा, ऑथो व व्हिटेलियस यांना गाळून व्हेस्पेशियनला सहावा, दोनच वर्षे राज्य केलेल्या टायटसला सातवा आणि डोमिशियनला आठवा ठरवतात. गैरसोयीचे तीन राजे वगळण्याची ही युक्ती फारशी समाधानकारक नाही, हे मान्य केले पाहिजे.

याउलट ‘बाबेल’ हे रोमचे टोपणनाव उत्तरकाळाकडे झुकते. बाबेलने इसवीसनपूर्व ५८६ मध्ये पहिले मंदिर पाडले आणि रोमने दुसरे. या साम्यामुळे रोमला बाबेल म्हणण्याची रीत इ. स. ७० नंतरच्या यहुदी ग्रंथांत आढळते. एज्राचे चौथे पुस्तक व बारूखचे दुसरे पुस्तक ही त्याची ठळक उदाहरणे होत. अडेला यार्ब्रो कॉलिन्स यांनी १९८४ मध्ये या मुद्द्यावर विशेष भर दिला आणि तो अजून कोणी पुरतेपणी खोडलेला नाही.

याच बाबेलच्या मालाची यादी अठराव्या अध्यायात येते. मोती, हस्तिदंत, दालचिनी या तिच्यातील वस्तू भारतीय व्यापाराची आठवण करून देतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण, तेर आणि कल्याण यांची नावे येतात, ती याच व्यापाराच्या संदर्भात. कालनिर्णयास मात्र ही यादी उपयोगी नाही. हा व्यापार नीरोच्या काळी जोरात होता, तसाच डोमिशियनच्याही.

छळाचा प्रश्न

डोमिशियनने ख्रिस्ती लोकांचा साम्राज्यभर छळ केला, हे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. लिओनार्ड थॉम्प्सन यांनी १९९० मध्ये त्याला धक्का दिला. डोमिशियनला राक्षसी रंगात रंगवणारे इतिहासकार पुढच्या राजवटीची मर्जी राखून लिहीत होते आणि व्यापक छळाचा समकालीन पुरावा मिळत नाही, हे त्यांनी दाखवले. पण नीरोच्या बाजूलाही येथे लाभ होत नाही. इ. स. ६४ च्या आगीनंतर नीरोने केलेला छळ रोम शहरापुरता होता, आशिया प्रांतातला नव्हे.

ग्रंथ नीट वाचला तर त्यात मारला गेलेला म्हणून नावाने उल्लेखलेला एकच मनुष्य आहे, पर्गम येथील अंतिपा. सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत खरी चिंता आहे ती मूर्तींना वाहिलेले अन्न, सत्तेशी जुळवून घेणे आणि सुबत्तेतून आलेला कोमटपणा यांची. इफिस येथे सम्राटपूजेचे भव्य मंदिर इ. स. ८९-९० च्या सुमारास उभे राहिले, ही घटना या वातावरणाशी जुळते. लावदिकीया नगर इ. स. ६० च्या भूकंपात कोसळले होते. ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे राहिले, असे टॅसिटस सांगतो. तेथील मंडळीला तिच्या धनिकपणाबद्दल दिलेला बोल साठीच्या दशकापेक्षा नव्वदीच्या दशकात अधिक शोभतो. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनीने ट्रेजन बादशहाला पाठवलेल्या पत्रात वीस वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म सोडलेल्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे फर्मान नसले तरी दबाव होता.

एक ग्रंथ, दोन काळ

या वादाला फॅशनचेही अंग आहे. हिस्लॉप नागपुरात होते त्या शतकात इंग्लंडमधील लाइटफूट, वेस्टकॉट, हॉर्ट यांसारखे विद्वान आरंभीच्या काळाकडे झुकलेले होते. विसाव्या शतकात पारडे फिरले. जॉन रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये संपूर्ण नवा करार इ. स. ७० पूर्वीचा ठरवून खळबळ उडवली. केनेथ जेन्ट्री यांनी १९८९ मध्ये नीरोचा पक्ष सविस्तर मांडला. त्यात भाकित यरुशलेमच्या पतनात पूर्ण झाले, या ईश्वरविज्ञानविषयक भूमिकेचा वाटा होता. बहुसंख्य अभ्यासक आजही डोमिशियनच्याच बाजूचे आहेत.

डेव्हिड ऑन यांनी १९९७-९८ मधील तीन खंडांच्या भाष्यात वेगळी वाट काढली. साठीच्या दशकातील साहित्य लेखकाने किंवा त्याच्या परंपरेने पुढे नव्याने गुंफले आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी ग्रंथ आजच्या रूपाला आला, असे त्यांचे मत आहे. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’शी परिचित असलेल्या विदर्भातील अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. म्हाइंभटांची मूळ पोथी धाडीत गेली, लीळा स्मरणातून पुन्हा लिहिल्या गेल्या आणि त्यांचे अनेक पाठ झाले. अशा ग्रंथाला एकच वर्ष चिकटवणे कठीण असते.

ही वाट स्वीकारली तर राजांचे गणित आणि बाबेलचे नाव या परस्परविरोधी खुणा एकाच पोथीत का नांदतात, याचा उलगडा होतो. मंदिर मोजण्याची आज्ञाही मग दोनदा ऐकू येते : एकदा वेढा पडत असताना, आणि पुन्हा ते मंदिर उरलेले नसताना.