काळ्या दगडावरची रेघ

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघाले, की सुमारे १२ किलोमीटरवर कर्नाळ्याचा डोंगर लागतो. डोंगराच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला एक काळा सुळका दुरूनच दिसतो. तो सुमारे १२५ फूट उंच आहे. त्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. हाच कर्नाळा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६७० साली तो मोगलांकडून घेतला. पुढे १८१८ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

मुलांनो, किल्ला, बुरूज, तोफ हे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटले असतील. ते उर्दूतही आहेत आणि मराठीतही. आज आपण या किल्ल्याची एक छोटी प्रतिकृती रंगवायला शिकणार आहोत. दिवाळीत तुमच्या शेजारची मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. शाळेच्या प्रदर्शनासाठी आपणही तसा किल्ला करू शकतो.

समजा, तुम्ही कागदाच्या लगद्याचा १० इंच उंचीचा सुळका केला. त्याच्या कपारी, भेगा, कंगोरे सारे काही मन लावून घडवले. आता रंग द्यायचा. दगड तर काळा! म्हणून तुम्ही काळ्या रंगाची बाटली उघडली आणि सगळा सुळका काळाकुट्ट करून टाकला. रंग वाळल्यावर काय दिसेल? कपारी नाहीशा झालेल्या असतील. भेगा दिसणार नाहीत. चार दिवस खपून केलेला सुळका कोळशाच्या तुकड्यासारखा दिसू लागेल. असे का होते?

कोणत्याही वस्तूचा आकार आपल्याला उजेड आणि सावली यांमुळे कळतो. वस्तूचा जो भाग उजेडाकडे असतो तो उजळ दिसतो. जो भाग आत किंवा खाली असतो तो गडद दिसतो. पांढऱ्या वस्तूवर हा फरक सहज दिसतो. काळा रंग मात्र त्याच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे उजेडातला काळा आणि सावलीतला काळा जवळजवळ सारखेच दिसतात. काळा रंग आकार गिळून टाकतो, असे म्हटले तरी चालेल.

मग खरा सुळका दुरूनही इतका स्पष्ट कसा दिसतो? पहिले कारण असे, की तो खरोखर काळा नाहीच. सह्याद्रीचा हा खडक बेसॉल्ट नावाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेला लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. त्यात लोह असलेली खनिजे असतात, म्हणून तो गडद दिसतो. ताजा फोडलेला बेसॉल्ट निळसर करडा असतो. ऊन-पावसात त्यातील लोह गंजते आणि खडकावर तांबूस छटा येते. पावसाळ्यात ओला झाला, की तोच खडक अधिक काळा भासतो. दुसरे कारण म्हणजे सूर्य. खऱ्या सुळक्यावर ऊन एका बाजूने पडते आणि मोठमोठ्या सावल्या पडतात. वर्गातल्या टेबलावर उजेड चारी बाजूंनी येतो. दहा इंचांच्या सुळक्यावरील भेगांची सावली अगदी फिकी पडते. म्हणून सूर्याचे काम आपल्या कुंचल्याने करावे लागते.

ते कसे करायचे, ते पाहू.

पहिला हात करड्या रंगाचा द्यावा. काळ्या रंगाचे तीन भाग, पांढऱ्याचा एक भाग आणि थोडासा तपकिरी रंग एकत्र करावा. हा रंग साऱ्या सुळक्याला लावावा आणि पूर्ण वाळू द्यावा. पोस्टर रंग ओला असताना अधिक गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो. म्हणून आधी एका कागदावर लावून, वाळवून पाहावा.

दुसरा हात शुद्ध काळ्या रंगाचा. पण तो भरपूर पाणी घालून पातळ करावा. हा पातळ रंग भेगांतून आपोआप खाली उतरतो आणि खोलगट जागी साचतो. उंचवट्यावर आलेला रंग ओल्या फडक्याने हलकेच टिपून घ्यावा. पोस्टर रंग पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून जोराने घासू नये.

तिसरा हात कोरड्या कुंचल्याचा. फिक्या करड्या रंगात जुना, राठ कुंचला बुडवावा. मग तो रद्दी कागदावर पुसत राहावे. कागदावर रंग जवळजवळ उमटेनासा झाला, की तो कुंचला सुळक्यावरून हलक्या हाताने फिरवावा. रंग फक्त उंच कडांना लागतो. खाचा काळ्याच राहतात. आणि पाहता पाहता हरवलेला सुळका पुन्हा दिसू लागतो!

शेवटी बारीक कुंचल्याने सर्वांत वरच्या दोन-चार कडांवर अगदी फिकी रेघ ओढावी. येथे हात आवरायला हवा. अशा रेघा फार झाल्या, तर काळा खडक काळा राहत नाही. तो राखेच्या ढिगासारखा दिसतो. उजळ भाग थोडा असतो, म्हणूनच बाकीचा भाग काळा वाटतो.

आता किल्ल्यावर माणसे ठेवू. १२५ फुटांचा सुळका आपण १० इंचांत केला, तर साडेपाच फुटांचा माणूस अर्ध्या इंचाहूनही लहान होईल. एवढ्याशा माणसाची दाढी काय दिसणार? म्हणून किल्ल्याशेजारी मांडण्यासाठी चार-पाच इंचांची वेगळी चित्रे करावीत. तेथे तुम्हांला काळ्या रंगाचे अनेक प्रकार भेटतील. काळ्या शेरवानीच्या चुण्यांवर रुंद आणि मऊ उजेड असतो. चामड्याचे जोडे चकाकतात, त्यांच्यावर एक लहानसा ठळक ठिपका पुरे. केसांवर आणि दाढीवर बारीक, लांब रेघा शोभतात. लोखंडी तोफेच्या कडा निळसर करड्या कराव्यात आणि खाचेत थोडा गंजाचा रंग द्यावा. एकाच बाटलीतला काळा रंग. पण कापड, चामडे, केस आणि लोखंड ही ओळख त्याला उजेडाच्या रेघेमुळे मिळते.

ही ओळख पटायची असेल, तर पुन्हा कर्नाळ्याला जावे. किल्ल्याभोवतीच्या जंगलात १९६८ पासून पक्षी-अभयारण्य आहे. तेथे कोतवाल नावाचा पक्षी दिसतो. दुरून तो काळाभोर वाटतो. उन्हात आला, की त्याच्या पिसांवर निळसर झळाळी दिसते. कर्नाळ्याचा खडक तांबूस काळा आणि कोतवाल निळसर काळा! आपण दोघांनाही एकाच शब्दाने ओळखतो, म्हणून त्यांच्यातला फरक आपल्या नजरेतून सुटतो.

पनवेलजवळचे पेण गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात. हे काम कसबी कारागिराकडेच सोपवतात, कारण डोळ्यातली काळी रेषा जरा जाड झाली, तरी साऱ्या चेहऱ्याचा भाव बदलतो. आपल्या चार इंचांच्या माणसाचे डोळे रंगवतानाही हे लक्षात ठेवावे. काळ्या बुबुळात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिला, की डोळा जिवंत दिसतो.

न बदलणाऱ्या गोष्टीला मराठीत ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतात. उर्दूत आपण ‘पत्थर की लकीर’ म्हणतो. मराठीने त्या दगडाला काळा रंगही दिला आहे. काळ्यावर उजळ रेघ उठून दिसते.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. घरातील एखादी काळी वस्तू घ्या. छत्री, चप्पल, तवा काहीही चालेल. ती खिडकीजवळ ठेवा आणि पाच मिनिटे नीट पाहा. तिच्यावर खरा काळा रंग किती आहे? बाकीच्या भागात कोणकोणत्या छटा आहेत? त्यांची नावे वहीत लिहा. मगच रंगाची बाटली उघडा.