गिटारला पटाशी लागते तेव्हा

खंडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं पाटावर मांडायची पद्धत आहे. माझी सोल्डरिंगची इस्त्री, पाने-पक्कड, सौभाग्यवतींचं शिलाई मशीन आणि चिरंजीवांची इलेक्ट्रिक गिटार. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. वाद्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, या शिस्तीत मी वाढलो. त्यामुळे दसऱ्यानंतरच्या एका रविवारी गॅलरीत ठोकाठोकी ऐकून डोकावलो, तेव्हा जे दिसलं त्याने माझा चहा तोंडाशीच थांबला. गिटारच्या तारा उतरवलेल्या, पुढची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रूंसकट बाजूला, आणि चिरंजीव माझीच अर्ध्या इंची पटाशी घेऊन तिच्या पोटात खोबण पाडत होते!

"अरे, हे काय चाललंय?"

"बाबा, गिटार हॉट-रॉड करतोय."

ही गिटार मी निवृत्तीच्या पैशांतून घेऊन दिलेली. जिभेवर वाक्य आलं, "कंपनीतल्या लोकांना काय अक्कल नव्हती म्हणून तू शहाणपणा करतोस?" पण ते तिथंच अडकलं. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. तीस वर्षांपूर्वी ते मला ऐकवलं गेलं होतं.

माझी उभी नोकरी मोटार वाइंडिंगच्या खात्यात गेली. एकदा गुंडाळ्या चटकन उतरवता याव्यात म्हणून मी घरी एक साचा करून नेला होता. साहेबांनी तो चार लोकांसमोर भंगारात टाकला आणि हेच वाक्य उच्चारलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ड्रॉइंगबाहेर एक स्क्रू फिरवला नाही. तर तो राग गिळून मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "बरं, सांग. हॉट-रॉड म्हणजे काय?"

शब्द मूळचा मोटारींचा. कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या, स्वस्तातल्या फोर्ड गाड्या घ्यायची. १९३२ सालचं मॉडेल त्यांचं विशेष लाडकं. मडगार्ड काढ, बॉनेट काढ, जे जे ओझं वाटेल ते उतरव, इंजिन जोरकस कर, आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत ती पळव. दिसायला ओबडधोबड, पण पळायला वारा. अमेरिकेत मडगार्डला 'फेंडर' म्हणतात. आणि गंमत अशी, की गिटारच्या हॉट-रॉडची कथाही फेंडरपासूनच सुरू होते.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. स्वतः गिटार वाजवत नसे. १९५४ साली त्याच्या कंपनीने 'स्ट्रॅटोकास्टर' आणली. दोन बाजूंना शिंगांसारखी टोकं, बोल्टने जोडलेली मान, तीन पिकअप, आणि सूर हलवण्यासाठी एक दांडी. गिटार हलकी, सुटसुटीत, आवाज काचेसारखा स्वच्छ. पण दोन दुखणी होती. एक, पिकअप गुणगुणायचे. दोन, दांडी जोराने दाबली की तारा बेसूर व्हायच्या.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की गुंडाळीत क्षीण वीज उमटते, तीच पुढे अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. पण गुंडाळी भोळी असते. घरातल्या विजेची घुमघुमही ती तितक्याच प्रेमाने पकडते. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५च्या सुमारास तोड काढली. दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी. एकीचं चुंबक उलटं आणि जोडणीही उलटी. बाहेरची घुमघुम दोन्हींत परस्परविरुद्ध येते आणि वजा होते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्याने पुन्हा सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. या जोडपिकअपला 'हंबकर' म्हणतात. हे ऐकताना मी स्टुलावर जरा पुढे सरकलो. हे तर माझ्याच खात्यातलं काम!

हंबकरचा आवाज जाड, दमदार. पण तो गिब्सनच्या वेगळ्या घडणीच्या गिटारवर मिळायचा. दोन्हींचं लग्न लावून सगळ्या जगाला ऐकवलं ते एडी व्हॅन हेलन या पोराने. जन्म १९५५चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. वडील डच वादक, आई इंडोनेशियात वाढलेली. १९६२ साली कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. एडीला हवी ती गिटार दुकानात नव्हती. म्हणून त्याने कारखान्यातून नापास झालेली बॉडी ५० डॉलरला घेतली, मान ८० डॉलरला. जुन्या गिब्सनमधला हंबकर काढून बॉडीत खोबण करून बसवला, तोही तिरका, कारण दोन कंपन्यांच्या तारांमधलं अंतर जुळत नव्हतं. बाकीच्या बटणांची जोडणी जमेना, तर ती वगळूनच टाकली. आवाजाचं एक बटण ठेवलं, बस्स. पिकअप किंचाळू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला. आम्हीही मोटारीची गुंडाळी वॉर्निशात बुडवतो. हेतू तोच, सुटा वेढा थरथरू नये. चिकटपट्ट्या लावून काळे-पांढरे पट्टे रंगवले, पुढे त्यावर लाल चढला. या ठिगळांच्या गिटारचं नाव पडलं 'फ्रँकेन्स्टाइन'.

१९७८च्या फेब्रुवारीत त्याच्या बँडची पहिली तबकडी आली. तिच्यातला पावणेदोन मिनिटांचाही नसलेला 'इरप्शन' नावाचा तुकडा ऐकून जगभरच्या वादकांनी आपापल्या गिटारकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. दुसऱ्या दुखण्यावर फ्लॉइड रोझ या वादकाने उपाय केला. तार दोन्ही टोकांना घट्ट आवळायची, म्हणजे ती मध्ये घासणार नाही, सरकणार नाही. १९७९ साली त्याला पेटंट मिळालं, आणि ती यंत्रणा पहिल्यांदा वापरणाऱ्यांत एडी होताच.

मग कारखाने जागे झाले. जॅक्सन, क्रेमर, आयबानेझ यांनी ऐंशीच्या दशकात अशा गिटारींची रांगच लावली. लोक त्यांना 'सुपरस्ट्रॅट' म्हणू लागले. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. अंगकाठी स्ट्रॅटोकास्टरची, पण शिंगं अधिक टोकदार आणि खाच अधिक खोल, म्हणजे हात अगदी शेवटच्या पडद्यापर्यंत पोचावा. पडदे २१ ऐवजी पुष्कळदा २४. मान पातळ, पट्टी सपाट. दांडीजवळ हंबकर, तारा कुलूपबंद, बटणं मोजकी. पण मला विचाराल तर खरी खूण या यादीत नाही. तिथे वाजवणाऱ्याने ठरवलं, की वाद्यात मला काय अडतंय, आणि ते अडणं त्याने स्वतःच्या हाताने दूर केलं, ही ती खूण. पंडित विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा सिद्ध केलीच ना? वाद्याचा मान राखणं म्हणजे त्याला हातच न लावणं, असं थोडंच आहे!

संध्याकाळी चिरंजीवांनी हंबकर बसवून तारा चढवल्या आणि अ‍ॅम्प्लिफायर लावला. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यासारखा चिरका. घुमघुम तर पहिल्यापेक्षा दुप्पट. पोराचा चेहरा पडला. "वाट लागली बाबा. तुमचे पैसे वाया घालवले मी."

मी चष्मा पुसला. पिकअपमधून चार रंगांच्या वायरी येत होत्या, दोन गुंडाळ्यांची दोन-दोन टोकं. त्याने एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला होता. मोटारीत अशी एक गुंडाळी उलटी लागली की मोटार घुमते, तापते. हे आजार मी आयुष्यभर पाहिलेत. "शेवटाला शेवट जोड," मी म्हटलं आणि इस्त्री तापत ठेवली. दोन टाके उकलले, दोन नवे घातले.

मग त्याने तार छेडली. घुमघुम गेली होती. खालून जिन्यातला दरवाजा उघडल्याचा आवाज आला, इतका तो सूर भरदार होता. तो हसला, आणि मी तीस वर्षांनी ड्रॉइंगबाहेरचं काम केल्याचं मला जाणवलं.

एडी व्हॅन हेलन २०२० साली गेला. त्याआधी २०१९ मध्ये त्याची ती ठिगळांची गिटार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये काचेआड मांडली गेली होती. कारखान्याने नापास केलेलं लाकूड! आमच्या गिटारच्या खोबणीची कड मात्र अजून वेडीवाकडीच आहे. पॉलिश पेपर घेऊन ती साफ करू म्हटलं, तर चिरंजीव म्हणाले, "राहू द्या बाबा." मीही आग्रह धरला नाही. पुढच्या खंडेनवमीला पाटावर गिटारशेजारी ती अर्ध्या इंची पटाशी ठेवायची, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.