जुन्या मोटारीचे इंजिन : खोलण्यापूर्वी ऐकावे

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत अनेक कुटुंबांनी वडिलार्जित पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जीप गाडी आस्थेने जतन करून ठेवली आहे. पद्मिनी मोटार तयार करणारा मुंबईतील कुर्ला येथील कारखाना ज्या उद्योगसमूहाने चालविला, त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद हे शेजारच्या सोलापूरचे. पद्मिनीचे उत्पादन सन २०००च्या सुमारास थांबले, अ‍ॅम्बॅसेडरचे २०१४मध्ये. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप घेतला. साहजिकच या गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले असून कार्बोरेटरची पारख असणारे मिस्त्रीही कमी होत आहेत. अशा वेळी गाडी सुरू होईना किंवा आवाज करू लागली की "इंजिन गेले" असा निष्कर्ष काढून ते खोलले जाते, अथवा गाडी भंगारात दिली जाते. वास्तविक पुष्कळदा दोष इंजिनाच्या पोटात नसतो, बाहेर असतो. तो क्रमाने शोधल्यास मोठा खर्च टळतो.

गाडी सुरू होत नसल्यास

पेट्रोल इंजिनाच्या गरजा चार : सेल्फने दिलेली फिरकी, योग्य क्षणी पडणारी ठिणगी, हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधील दाब. तपासणीही याच क्रमाने करावी.

प्रथम पुढील दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवट क्षार साचला आहे, असे समजावे. टोके साफ करून घट्ट बसवावीत. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. दिवे प्रखर राहूनही सेल्फ फिरला नाही, तर दोष सेल्फमध्ये वा त्याच्या जोडणीत असतो.

सेल्फ जोमाने फिरतो, परंतु इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी एक प्लग काढून पाहावा. तो ओला असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी मात्र कमजोर आहे. डेल्कोमधील पॉइंट जळणे, कंडेन्सर निकामी होणे किंवा झाकणाला तडा जाणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. चोक अधिक ओढल्यानेही प्लग ओले होतात. याउलट प्लग कोरडा असेल, तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा मार्ग तपासावा. ही तपासणी मोकळ्या जागेत करावी, विडी-काडी दूर ठेवावी व पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये.

आपल्या भागातील दोन अडचणी

उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते. चालून तापलेली गाडी बाजारात थोडा वेळ उभी केली, की नळीतील पेट्रोलची वाफ होते व पंप ते खेचू शकत नाही. वारंवार सेल्फ मारून बॅटरी उतरविण्यापेक्षा बॉनेट उघडून पंपावर व नळीवर ओले फडके ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे.

दुसरी अडचण इंधनाची. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास ते उपकारक असले, तरी जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते. म्हणून इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या बसवाव्यात व गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी ठेवू नये.

आवाजाची भाषा

लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर व मूठ कानाजवळ टेकविली, तर आवाज कोठून येतो हे कळते. मात्र पंखा व पट्टा यांपासून उपरणे, पदर आणि हात दूर ठेवावेत.

किंचाळल्यासारखा आवाज बहुधा सैल पट्ट्याचा असतो. वरच्या झाकणाखालील हलकी टिक-टिक टॅपेटची होय. ती थोडी असल्यास भिण्याचे कारण नाही. उलट ती अजिबात बंद झाली, तर सावध व्हावे. फेब्रुवारी २०००पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते. त्यामुळे जुन्या इंजिनातील व्हॉल्व्हची बैठक झिजून टॅपेटमधील फट नाहीशी होऊ शकते. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही व दाब घटतो. चढावर येणारा खणखणीत आवाज ठिणगी वेळेआधी पडत असल्याची खूण आहे.

गंभीर आवाज एकच : खालून येणारी जड ठक-ठक. प्लगच्या तारा एकेक करून काढवून पाहिल्या असता, ज्या सिलिंडरची तार काढताच ठोका मंदावतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव असतो. ही परीक्षा जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी, कारण तारांतून मोठा झटका बसतो. ठोक्याबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. घर दोन किलोमीटरवर असले, तरी गाडी ओढून न्यावी. तेवढ्या अंतरातही क्रँकशाफ्ट कायमचा निकामी होऊ शकतो.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हेही ध्यानी असावे.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खाजगी वाहनांना २०२१च्या केंद्रीय नियमांन्वये 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. मात्र असे वाहन नित्य वापरासाठी अथवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाडीत एका पिढीचे यंत्रज्ञान साठविलेले असते. शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तिचे इंजिन दाखवून समजावून दिले, तर पुस्तकातील पाठ प्रत्यक्षात उतरेल, आणि ते ज्ञान पुढील पिढीपर्यंत पोहोचेल.